आठ कोटी पाकिटं आणि उरलेले तीन सेंट

एका पाकिटाचा हिशेब मांडून सुरुवात करू. पाकिटात एक पत्र आहे, कॅन्सर टाळण्यासाठीच्या चार सूचना आहेत, देणगीची विनंती आहे आणि बहुतेक वेळा बक्षीस जिंकण्याची एक संधीही आहे. ते छापून, दुमडून, पत्ता घालून पोस्टात टाकायला सरासरी ३३ सेंट खर्च आला. त्यातून सरासरी ३६ सेंट परत आले. उरले जेमतेम तीन सेंट.

आता अशी आठ कोटी पाकिटं डोळ्यांसमोर आणा. १९८४ ते १९८९ या पाच वर्षांत अमेरिकेत एवढी पाकिटं एकाच संस्थेच्या नावाने रवाना झाली. त्या काळात अमेरिकेतल्या घरांची संख्या साधारण तितकीच होती, म्हणजे घरटी एक पाकीट म्हणायला हरकत नाही. संस्थेचं नाव होतं युनायटेड कॅन्सर कौन्सिल. पाकिटं पाठवणाऱ्या कंपनीचं नाव वॉटसन अँड ह्यूई. जमले २ कोटी ८८ लाख डॉलर. जमवण्याचा खर्च झाला २ कोटी ६५ लाख. संस्थेच्या हाती राहिले २३ लाख.

आपल्याकडे याला 'चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला' म्हणतात. अमेरिकेच्या आयकर खात्याचंही साधारण हेच म्हणणं होतं. त्यावरून जो खटला उभा राहिला, तो धर्मादाय संस्थांच्या कायद्यात आजही शिकवला जातो. पण खटल्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या चार आकड्यांत दिसत नाही. ती पाकिटावर होती. देणगीदाराचं नाव आणि पत्ता.

वर्गणी ते टपाल

वर्गणी मागणं आपल्याला नवं नाही. गणपतीची वर्गणी मागायला येणारी मुलं आपल्याच गल्लीतली असतात. पावती पुस्तकावर कोणी किती दिले ते सगळ्यांना दिसतं, आणि मंडप कसा झाला तेही दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला. प्रत्येकाने एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ साली त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पैसे गोळा करत होते ते स्वयंसेवक. एक पैसा गोळा करायला तीन पैसे खर्च झाले असते, तर ती कल्पना पहिल्याच आठवड्यात बारगळली असती.

त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत वर्गणी मागायचं काम टपाल खात्याकडे जाऊ लागलं होतं. १९०४ मध्ये डेन्मार्कमधल्या आयनर होल्बोल नावाच्या टपाल कर्मचाऱ्याच्या पुढाकाराने नाताळच्या पत्रांवर चिकटवायचं एक शोभेचं तिकीट निघालं. त्याचे पैसे क्षयरोग्यांसाठी जायचे. १९०७ मध्ये अमेरिकेत डेलावेअर राज्यात एमिली बिसेल यांनी तीच युक्ती वापरली. एका लहानशा क्षयरोग रुग्णालयासाठी त्यांना ३०० डॉलर हवे होते, जमले ३,०००. पुढे या तिकिटांचे अख्खे ताव न मागताच घरोघर टपालाने जाऊ लागले. घेतले तर पैसे पाठवा, नको असतील तर तुमची मर्जी. आपल्याकडच्या शाळांतून वर्षानुवर्षं विकली गेलेली 'टीबी सील' याच कुळातली. घरी आई-बाबांना विचारा, त्यांनी ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकलेली असण्याची बरीच शक्यता आहे.

१९३८ मध्ये या प्रकाराची ताकद सगळ्या देशाला कळली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने पोलिओविरुद्ध काम करणारी संस्था नुकतीच निघाली होती. एडी कँटर या विनोदी कलाकाराने रेडिओवरून लोकांना आवाहन केलं, एक-एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट व्हाइट हाउसच्या पत्त्यावर पाठवा. मोहिमेला त्याने नाव दिलं 'मार्च ऑफ डाइम्स'. सुमारे २६ लाख ८० हजार नाणी आली. व्हाइट हाउसचं रोजचं टपाल त्या ढिगात हरवून गेलं. हा अमेरिकेचा पैसा फंडच होता, फरक इतकाच की देणाऱ्याच्या दारात कोणी माणूस उभा नव्हता.

दारात माणूस नसला की एक अडचण येते. समोरच्याला 'नाही' म्हणताना वाटणारा संकोच पत्राला वाटत नाही. मग तो संकोच पाकिटात घालून पाठवायचे मार्ग निघाले. १९४१ पासून युद्धात अपंग झालेल्या सैनिकांच्या संघटनेने मोटारमालकांना त्यांच्याच गाडीच्या नंबरची छोटीशी पाटी टपालाने पाठवायला सुरुवात केली. किल्ल्यांच्या जुडग्याला लावायची. किल्ल्या हरवल्या तर सापडणाऱ्याने नुसत्या टपालपेटीत टाकायच्या, संघटना त्या मालकाकडे पोचवणार. फुकट आलेली, स्वतःच्या नंबरची वस्तू फेकवत नाही आणि ठेवली तर मन खातं. बरेच लोक पैसे पाठवत. पत्त्याची लेबलं, शुभेच्छापत्रं, कॅलेंडर हे सगळं पुढे याच वाटेने आलं.

नावांची किंमत

१९६० च्या दशकात दोन गोष्टी जुळून आल्या. १९६३ मध्ये अमेरिकेत झिप कोड आला, म्हणजे आपला पिन कोड. आणि पत्ते साठवू शकणारे संगणक कंपन्यांच्या आवाक्यात येऊ लागले. आता प्रश्न होता, साठवायचे कोणते पत्ते?

रिचर्ड व्हिगरी या तरुणाला याचं उत्तर सापडलं. १९६४ च्या निवडणुकीत बॅरी गोल्डवॉटर पडले, पण त्यांना ५० डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्यांची नावं कायद्याप्रमाणे प्रतिनिधीगृहाच्या दप्तरी नोंदलेली होती. व्हिगरी तिथे गेला आणि माणसं बसवून ती नावं हाताने उतरवून घेतली. साधारण साडेबारा हजार नावं. त्या भांडवलावर १९६५ मध्ये त्याने डायरेक्ट मेलची कंपनी काढली आणि पुढे अमेरिकेच्या उजव्या राजकारणाचा पैसा टपालातून उभा केला. त्याने ओळखलेली गोष्ट साधी होती. ज्याने एकदा पत्र वाचून पैसे पाठवले, तो पुन्हा पाठवण्याची शक्यता अनोळखी माणसापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून त्याची देणगी एकदाची, पण त्याचं नाव कायमचं उत्पन्न.

या धंद्याचं गणित इथे समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे.

अनोळखी लोकांना पत्रं पाठवली, तर शंभरातून एखाद-दुसराच उत्तर देतो. बाकीची पाकिटं कचऱ्यात. त्यामुळे पहिल्या फेरीत बहुतेक वेळा तोटा होतो किंवा कसाबसा खर्च निघतो. त्या फेरीतून मिळतो तो एखाद-दुसरा माणूस, ज्याने उत्तर दिलं. त्याचं नाव यादीत जातं. दुसऱ्या फेरीत फक्त यादीतल्या लोकांना पत्रं जातात आणि तिथे खरा पैसा सुटतो. शेतीच्या भाषेत सांगायचं तर पहिली फेरी म्हणजे नांगरट आणि पेरणी, पीक दुसऱ्या वर्षापासून. पेरणीच्या वर्षी 'उत्पन्नाच्या नव्वद टक्के खर्च झाला' असं म्हटलं, तर आकडा खरा असतो, पण त्यावरून शेतकरी लबाड ठरत नाही.

प्रश्न एवढाच की पेरणी कोणी केली, पीक कोणी नेलं आणि शेवटी शेत कोणाच्या नावावर राहिलं.

अडलेली संस्था

आता युनायटेड कॅन्सर कौन्सिलकडे येऊ. कॅन्सरवर काम करणारी अमेरिकेतली जुनी आणि मोठी संस्था म्हणजे अमेरिकन कॅन्सर सोसायटी. ती १९१३ पासूनची, आणि तिचा भर रोगावर इलाज शोधण्यावर. युनायटेड कॅन्सर कौन्सिल तिच्यापुढे फार छोटी. गावोगावच्या लहान संस्थांना जोडून घ्यायचं, प्रतिबंधावर आणि रुग्णांचा त्रास कमी करण्यावर भर द्यायचा, असं तिचं काम. १९८४ पर्यंत तिच्या मोठ्या सभासद संस्था एकामागून एक फुटून अमेरिकन कॅन्सर सोसायटीत गेल्या. उरलेल्या संस्थेचं वर्षाचं खर्चाचं अंदाजपत्रक होतं ३५,००० डॉलर आणि दिवाळं दारात उभं होतं.

संचालक मंडळाच्या एका समितीने निधी उभारणारी व्यावसायिक कंपनी नेमायचं ठरवलं आणि वॉटसन अँड ह्यूई निवडली. अडचण अशी की छपाईला आणि टपालाला आगाऊ पैसे लागतात, आणि ते संस्थेकडे नव्हतेच. म्हणून समितीने मागणी केली, सुरुवातीचा सगळा खर्च कंपनीने करावा, देणग्या येतील तसतसा तो फेडून घ्यावा.

कंपनीने मान्य केलं, पण मोबदल्यात अटी घातल्या. पहिली, करार पाच वर्षांचा, आणि त्या काळात निधी उभारायचा हक्क एकट्या कंपनीचा. दुसरी, मोहिमेतून तयार होणाऱ्या देणगीदारांच्या यादीवर कंपनीची सहमालकी. तिसरी, संस्थेने ती यादी कोणाला विकायची नाही की भाड्याने द्यायची नाही. करार चालू असताना नाही आणि संपल्यावरही नाही. स्वतःसाठी पुन्हा देणगी मागायला तेवढी वापरावी. कंपनीवर मात्र यादीच्या वापराचं कोणतंही बंधन नाही.

अडला हरी. संस्थेने सही केली.

हा करार दोन्ही बाजूंनी वाचून पाहा. कंपनीच्या बाजूने तो वेडगळ नाही. मोहीम पडली असती तर बुडणारा पैसा तिचा होता. संस्थेकडून काही वसूल होण्याजोगं नव्हतंच. जोखीम घेणारा तारण मागतोच, आणि या संस्थेकडे तारण ठेवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिचं नाव. 'कॅन्सर' हा शब्द असलेलं नाव. त्या नावावर जे देणगीदार मिळतील, त्यांच्यात कंपनीने वाटा मागितला.

संस्थेच्या बाजूनेही करार सरळ होता. गमावण्यासारखं काहीच नव्हतं. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

पत्रात काय होतं

पत्रांचा मजकूर संस्था वाचून मंजूर करत असे. प्रत्येक पत्रात कॅन्सर टाळण्याबद्दल थोडा सल्ला असे आणि देणगीचं आवाहन असे. सुमारे ७० टक्के पत्रांत स्वीपस्टेक, म्हणजे सोडतीतून बक्षीस मिळण्याची संधीही होती.

सल्ल्याच्या त्या चार ओळींना हिशेबात मोठं काम होतं. अमेरिकेतल्या हिशेब लिहिण्याच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे, पत्रात लोकशिक्षण असेल तर पत्राच्या खर्चाचा काही भाग 'निधी उभारणीचा खर्च' न लिहिता 'शैक्षणिक कार्य' म्हणून दाखवता येत असे. या पाच वर्षांतल्या खर्चापैकी १ कोटी २२ लाख डॉलर अशा रीतीने शिक्षणाच्या खात्यावर गेले. कागदावर पाहणाऱ्याला दिसणार, संस्था लोकांना कॅन्सरबद्दल शिकवण्यावर कोटभर डॉलर खर्च करते. हे नियमाबाहेर नव्हतं. पण ज्याने १० डॉलरचा चेक पाठवला, त्याच्या मनात 'माझ्या पैशांतून शेजाऱ्याला असंच पत्र जाईल' हे नक्कीच नसणार.

पाच वर्षांत उरलेले २३ लाख संस्थेने कॅन्सरच्या रुग्णांच्या सेवेवर आणि संशोधनावर खर्च केले. पैसे कोणा संचालकाच्या बंगल्यात गेले, असा आरोप कधीच झाला नाही.

१९८९ मध्ये करार संपला. संस्थेने तो वाढवला नाही, दुसरी कंपनी नेमली. ते फार वाईट पडलं. १९९० मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. काही महिन्यांतच आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याने, संस्थेचा धर्मादाय म्हणून असलेला करमाफीचा दर्जा काढून घेतला. तोही मागच्या तारखेपासून, १९८४ मध्ये करारावर सही झाली त्या दिवसापासून. मेलेल्या संस्थेच्या दारात घेणेकऱ्यांची रांग लागली होती, त्या रांगेत आता आयकर खातंही येऊन उभं राहिलं.

टक्क्यांचा कायदा करता येत नाही

साधा माणूस विचारेल, नव्वद टक्के खर्चावर बंदी का नाही? तशी बंदी घालायचा प्रयत्न अमेरिकेत तीनदा झाला आणि तिन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाने तो हाणून पाडला.

१९८० मध्ये शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावाचा नियम रद्द झाला. दारोदार देणगी मागणाऱ्या संस्थेने ७५ टक्के रक्कम धर्मादाय कामावरच खर्च केली पाहिजे, असा तो नियम होता. १९८४ मध्ये मेरीलँड राज्याची २५ टक्के खर्चाची मर्यादा गेली. १९८८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचा कायदा गेला. त्यात किती टक्के मोबदला वाजवी धरायचा याच्या पायऱ्या ठरवल्या होत्या, आणि देणगी मागण्याआधी 'मागच्या वर्षी गोळा केलेल्या पैशांपैकी संस्थेला प्रत्यक्ष किती मिळाले' हे सांगणंही व्यावसायिक कंपन्यांना बंधनकारक होतं.

न्यायालयाचा विचार असा. देणगी मागणं हे बोलणंही आहे. मागता मागता संस्था आपला विचार सांगते, लोकांना जागं करते. त्या बोलण्यावर टक्क्यांची काठी चालवली, तर मार कोणाला बसेल? मोठ्या, जुन्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या संस्थेला पैसे गोळा करायला फार खर्च येत नाही. खर्च येतो नव्या, लहान किंवा लोकांना न आवडणारं काम करणाऱ्या संस्थेला. जास्त खर्च म्हणजे फसवणूक, असं समीकरण धरता येत नाही. खोटं बोललात तर मात्र फसवणुकीचा खटला होऊ शकतो, हे न्यायालयाने २००३ मध्ये एका टेलिमार्केटिंग कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. ती कंपनी दर डॉलरमागे ८५ सेंट स्वतः ठेवत होती आणि देणगीदारांची त्याबाबत दिशाभूल करत असल्याचा आरोप होता.

म्हणजे १९९० मध्ये आयआरएसला 'खर्च फार झाला' एवढ्यावर भागणार नव्हतं. तिला दुसरं हत्यार हवं होतं. ते तिने शोधलं.

आतला माणूस कोण?

करमाफीच्या कायद्यातली एक जुनी अट अशी आहे की धर्मादाय संस्थेचं उत्पन्न कोणा खासगी माणसाच्या पदरात पडता कामा नये. संस्थापक, संचालक, त्यांचे नातेवाईक, असे 'आतले' लोक संस्थेच्या नावाने पैसा उकळत असतील तर ती संस्था धर्मादाय नाहीच. आपल्याकडच्या आयकर कायद्यातही याच विचाराचं कलम आहे. विश्वस्त, संस्थापक, मोठे देणगीदार किंवा त्यांचे नातलग यांना फायदा पोचला, तर ट्रस्टची करमाफी धोक्यात येते.

आयआरएसचा युक्तिवाद असा होता. वॉटसन अँड ह्यूई बाहेरची कंपनी असली, तरी करार इतका एकतर्फी आहे की संस्थेची सगळी सूत्रं तिच्याच हातात गेली. पैसा तीच आणते, खर्च तीच करते, यादी तिची. म्हणजे तीच आतला माणूस झाली. १९९७ मध्ये कर न्यायालयाने हे मान्य केलं.

संस्थेने अपील केलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये शिकागोतल्या अपील न्यायालयाचे न्यायाधीश रिचर्ड पॉझ्नर यांनी निकाल फिरवला. पॉझ्नर अर्थशास्त्राच्या चष्म्यातून कायदा पाहणारे म्हणून प्रसिद्ध. त्यांनी विचारलं, आतला माणूस कोणता? कंपनीने संस्था स्थापन केलेली नाही. तिचा माणूस संचालक मंडळावर नाही. करार झाला तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांना परक्या होत्या. दुबळ्या संस्थेने तिला मिळाला तेवढा चांगला सौदा केला. सौदा चांगला नव्हता, पण वाईट सौदा केला म्हणून समोरचा आपोआप घरात शिरला असं होत नाही. नाहीतर उद्या महाग वकील लावणाऱ्या किंवा चढ्या भाड्याची जागा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेची करमाफी मागच्या तारखेने जाईल, आणि धर्मादाय क्षेत्रात कोणालाच आपण सुरक्षित आहोत की नाही हे कळणार नाही.

पॉझ्नर यांनी एक दार मात्र उघडं ठेवलं. संचालक मंडळाने डोळे मिटून, निष्काळजीपणे हा करार केला असेल, तर संस्था लोकांच्या भल्यासाठी चालली होती की कंपनीच्या भल्यासाठी, हा वेगळा प्रश्न विचारता येईल. त्यासाठी त्यांनी प्रकरण खाली परत पाठवलं. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र निकालातून कधी आलंच नाही. दोन्ही बाजूंनी तडजोड करून प्रकरण मिटवलं.

तीन हिशेब

या करारात दोन हिशेब आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला देणगीदाराचा. त्याने १०० डॉलर दिले, ८ डॉलर संस्थेला मिळाले. त्याला हे आधी सांगितलं असतं, तर त्याने बहुधा दिलेच नसते.

दुसरा संस्थेचा. वर्षाला ३५,००० डॉलरवर चालणाऱ्या संस्थेला पाच वर्षं दरवर्षी सरासरी ४ लाख ६० हजार डॉलर मिळाले. तेरा पट. ज्या रुग्णाला त्यातून मदत मिळाली, त्याला ते पैसे किती पाकिटांतून आले याच्याशी देणंघेणं नाही. करार झाला नसता तर टक्केवारी सुधारली नसती. संस्था बंद पडली असती आणि ते २३ लाख आलेच नसते.

आयआरएस पहिला हिशेब वाचत होती, पॉझ्नर दुसरा. आणि ज्या आकड्यांवर दोघे भांडत होते, त्यांत तिसरा हिशेब कुठेच नव्हता. तो यादीचा. पेरणीची पाच वर्षं संपल्यावर शेत कोणाचं? संस्थेला स्वतःपुरतं पीक काढायची मुभा होती, पण ते शेत गहाण ठेवायची, भाड्याने द्यायची मुभा नव्हती. दुसऱ्या मालकाला मात्र सगळी मोकळीक. कॅन्सरच्या नावाने ज्यांचं मन हललं, त्यांची नावं कंपनी हव्या त्या कामाला वापरू शकत होती. संस्थेला वाटलं होतं आपल्याकडे गमावण्यासारखं काही नाही. पाच वर्षांनंतर होतं, आणि ते अर्धं आधीच दिलेलं होतं.

पाठवलेल्या पैशाची पावती देणगीदाराला मिळते. पाठवलेल्या नावाची मिळत नाही. आपण पैसे देताना आणखी काहीतरी देतो, हे त्याच्या गावीही नसतं. मी दयाळू आहे, कॅन्सर म्हटलं की मी विरघळतो, माझा पत्ता हा, ही माहिती. टपालाच्या काळात ही माहिती मिळवायला हजारो पाकिटं वाया घालवावी लागत. आज ती फोनवरच्या एका टिचकीत मिळते.

मॉलच्या दारात किंवा स्टेशनबाहेर गळ्यात ओळखपत्र घालून उभी असलेली मुलं, 'सर, दोन मिनिटं' म्हणत टॅबवर तुमचा नंबर घेणारी, अनेकदा त्या संस्थेची नसतात, एजन्सीची असतात. एखाद्या बाळाच्या ऑपरेशनची जाहिरात तुमच्या फोनवर येते, तिच्यावरही कोणी तरी पैसे खर्च केलेले असतात. त्यात काही गैर आहेच असं नाही. निधी उभारणं हे कौशल्याचं काम आहे आणि कौशल्याला दाम लागतो. ओळखीच्या चार गल्ल्यांत वर्गणी फुकट जमते, अनोळखी लाखोंपर्यंत पोचायला पैसे लागतातच.

म्हणून 'किती टक्के पोचतात?' एवढंच विचारून थांबू नये. तो प्रश्न मोठ्या संस्थांना सोपा जातो आणि धडपडणाऱ्या छोट्या संस्थांना मारून जातो. संस्था किती वर्षांची आहे, ही पेरणी आहे की कापणी, हे विचारावं. माझं नाव, माझा नंबर यानंतर कोणाकडे राहणार, हेही विचारावं. आणि कुठल्या छोट्या संस्थेच्या कार्यकारिणीवर तुम्ही असाल, समोर असा करार येईल आणि तिजोरी रिकामी असेल, तर मोबदल्याची ओळ एकदा वाचा आणि यादीची ओळ तीनदा. मोबदला पाच वर्षांत संपतो. यादी तशी संपत नाही.

तडजोडीनंतर वकील घरी गेले आणि खटला पुस्तकांत गेला. आठ कोटी पाकिटांना उत्तर देणारी माणसं आपापल्या घरीच होती.